महायुगाची संख्या आणि संख्येचे अस्तित्व

४३,२०,००० ही महायुगाची वर्षसंख्या. देवांची १२,००० वर्षे, आणि देवांचे एक वर्ष म्हणजे माणसांची ३६० वर्षे, या हिशेबातून ती येते. कृत, त्रेता, द्वापर आणि कली यांत तिची वाटणी ४:३:२:१ अशी होते. कलीच्या वाट्याला ४,३२,००० वर्षे येतात. अशी हजार महायुगे म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, अर्थात कल्प.

या संख्येचे मूळ अवयव तीनच: २, ३ आणि ५. दोनचा आठवा, तीनचा तिसरा आणि पाचचा चौथा घात यांचा गुणाकार म्हणजे ही संख्या. तिला १८० विभाजक आहेत. ती स्वतः वगळून उरलेल्यांची बेरीज १,१६,४३,६४० होते. म्हणजे अशा विभाजकांची बेरीज मूळ संख्येहून मोठी असणाऱ्या संख्यांत ती मोडते. ६० च्या घनाची ती बरोबर वीसपट आहे. त्रेतायुगाची १२,९६,००० वर्षे म्हणजे वर्तुळातल्या विकलांचीच (आर्क-सेकंदांची) संख्या. बॅबिलोनचा पुरोहित बेरोसस यानेही महापुरापूर्वीच्या दहा राजांचा काळ कलीइतकाच, ४,३२,००० वर्षे दिला आहे.

आर्यभटाच्या गणितात या विभाज्यतेचा उपयोग दिसतो. इ. स. ४९९ च्या सुमारास त्याने महायुगाचे दिवस १,५७,७९,१७,५०० मानले आणि ग्रहांचे भगण, म्हणजे पूर्ण फेऱ्या, पूर्णांकांत दिले. त्याने दिलेल्या प्रत्येक ग्रहाच्या भगणसंख्येला ४ ने भाग जातो. त्याची चारही युगे सारखी, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांची. म्हणून प्रत्येकाच्या आरंभी सारे ग्रह एकाच ठिकाणी येतात. कल्पातली महायुगेही त्याने १००८ धरली. १००८ ला ७ ने भाग जातो, त्यामुळे दर कल्प त्याच वारी सुरू होतो. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये या समान वाटणीवर कडक टीका केली, कारण ती स्मृतींना धरून नव्हती. गणिताच्या बाजूने आर्यभटाची रचना अधिक सुरेख आहे, यात शंका नाही.

संख्या माणसांनी निवडली, वाटणीवर वादही घातला. पण ४३,२०,००० ला ७ ने भाग जात नाही, हे कोणी ठरवले? प्रलयात मोजणारा कोणीच उरत नाही, तेव्हाही ते खरे असते का?

वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी या प्रश्नाचा पाया फार बारकाईने तपासला. त्यांच्या मते संख्या हा द्रव्यांत राहणारा गुण आहे. मात्र दोनपासून पुढची प्रत्येक संख्या अपेक्षाबुद्धीतून, म्हणजे अनेक वस्तूंना ‘हे एक, हे एक’ असे एकत्र जाणणाऱ्या ज्ञानातून उपजते आणि ते ज्ञान सरले की नाहीशी होते. यातून अडचण उभी राहते. सृष्टीच्या आरंभी दोन परमाणूंपासून द्व्यणुक बनते आणि त्याचे परिमाण परमाणूंच्या द्वित्वातून येते; पण तेव्हा त्यांना मोजणारा जीव नसतो. वैशेषिक भाष्यकार प्रशस्तपाद तिथे ईश्वराची बुद्धी मानतो. नैयायिक उदयनाने ‘न्यायकुसुमांजली’त संख्येलाच ईश्वरसिद्धीच्या हेतूंपैकी एक केले.

हे उत्तर संख्या कोणाच्या ज्ञानावर टिकते ते सांगते, आणि तेवढ्यापुरते ते भक्कम आहे. विभाज्यतेचा प्रश्न मात्र त्याच्या पलीकडे उरतो. ईश्वराच्या बुद्धीत ४३,२०,००० उभी राहिली, तरी तिला ७ ने भागल्यावर बाकी ६ च उरते. ती बाकी त्या बुद्धीने ठरवलेली नसते, त्या बुद्धीला ती केवळ ज्ञात असते.