शेजाऱ्याची घागर

आपल्या घरापुरते शुद्ध पाणी विकत घेतले म्हणजे पाण्याविषयीचे आपले कर्तव्य संपते काय? वरवर पाहता हा प्रश्नच नव्हे, असे कुणी म्हणेल. ज्याला परवडते त्याने घ्यावे, ज्याला परवडत नाही त्याची सोय शासनाने करावी, एवढे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. परंतु अमरावती-अकोल्याकडील खारपाणपट्ट्यातील लहान गावांचा विचार करू लागलो की हे उत्तर पुरे पडत नाही, आणि म्हणूनच त्याची थोडी चिकित्सा करावी असे आम्हांस वाटते.

वसईच्या किनाऱ्यावरील वाचकांना विहीर खारी होणे म्हणजे काय हे सांगावयास नको. टँकरांनी विहिरी उपसल्या तर समुद्र आत सरकतो, हे त्यांनी हरित वसई चळवळीच्या दिवसांत चांगलेच ओळखले होते. वऱ्हाडात मात्र समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे आणि तरीही विहिरी खाऱ्या आहेत. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात गाळाच्या मातीचे खोल थर साचले आहेत. माती चिकण, पाण्याचा निचरा मंद, पाऊस बेताचा आणि ऊन कडक. या सर्वांच्या योगाने क्षार जमिनीतच साठत गेले. दहीहांड्याच्या परिसरात तर एके काळी विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत असत. ज्या भूमीत मीठ पिकत होते, त्या भूमीत पिण्याचे पाणी कोठून येणार? दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतील गावांनी पिढ्यान्पिढ्या हे पाणी प्यायले आहे. त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे तेथील कोणतीही गृहिणी सांगेल. मूत्रपिंडाच्या विकारांचा संबंधही गावकरी याच पाण्याशी जोडतात, आणि तो ते पुस्तकातून नव्हे, घरातील मृत्यूंवरून सांगतात.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावे. ‘दुसरा स्रोतच नसेल तर’ ही सवलत वाचताना आमचे मन थबकते. मनुष्याचे शरीर दोन्ही ठिकाणी सारखेच असते. बदलते ती केवळ त्याची असहायता. तरीही ही सवलत देणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. पाणीच नसण्यापेक्षा खारे पाणी बरे, एवढेच त्यांनी मान्य केले.

क्षारांपुढे घरगुती उपाय चालत नाहीत. पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट वाफ निघून गेल्यावर उरलेले पाणी किंचित अधिकच खारे होते. तुरटीने गढूळपणा बसतो, खारटपणा बसत नाही. म्हणून या पट्ट्याला उपाय सापडला तो दुरून पाणी आणण्याचा. सातपुड्याच्या पायथ्याशी वान आणि शहानूर या धरणांत गोडे पाणी साठले आणि तेथून जलवाहिन्यांनी ते खाली खोऱ्यात उतरले. अकोट-तेल्हाऱ्याकडे ‘चौऱ्याऐंशी खेडी’ योजना म्हणतात ती वानच्या पाण्यावरची. अंजनगाव-दर्यापूरकडील गावांचा आधार शहानूर. अकोला शहर महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी पिते. म्हणजे येथे नळाला येणारे पाणी आपल्या गावाचे नसतेच. ते दुसऱ्याच्या शिवारातून, दुसऱ्याच्या डोंगरातून आलेले असते.

आणि येथेच विषयाची दुसरी बाजू सुरू होते. खारे पाणी जिभेला कळते. दूषित पाणी कळत नाही. धरणातून निघालेले, गाळलेले, क्लोरीन घातलेले पाणी गावच्या टाकीपर्यंत चांगले असते. पुढे नळी असते. लहान गावांत नळ रोज येत नाही. कोठे दोन दिवसांनी, कोठे आठ दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. मधल्या काळात नळी रिकामी असते. तिला कोठे चीर पडलेली असते, कोठे व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचलेले असते, कोठे ती गटाराला लागून गेलेली असते. नळीत दाब असेपर्यंत पाणी बाहेर गळते. दाब गेला की बाहेरची घाण आत येते. नळ आला की पहिल्या घागरी गढूळ निघतात त्या यामुळेच.

यातच आमच्या गावोगावच्या टिल्लू पंपाचा विचार करावा. आपल्या नळाला पाणी कमी येते म्हणून एखादा गृहस्थ नळीला छोटी मोटर जोडतो. शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी त्याच्या टाकीत येते, हा अन्याय सर्वांना दिसतो आणि त्यावरून भांडणेही होतात. न दिसणारी गोष्ट अशी की मोटर ओढू लागली म्हणजे नळीतला दाब उणा होतो आणि जेथे चीर असेल तेथून गटाराचे पाणी आत खेचले जाते. ते शेजाऱ्याच्या घागरीत जाते, आणि मोटरवाल्याच्या टाकीतही जाते. नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून स्वार्थाच्या परिणामांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; पण स्वार्थाने स्वतःचेच पाणी नासते हे इतक्या थोड्या खर्चात दाखविणारे दुसरे यंत्र आमच्या पाहण्यात नाही.

मग ज्याला परवडते तो घरी आर.ओ. यंत्र बसवितो किंवा वीस लिटरचा जार घेतो. यात पाप नाही. लेकराला चांगले पाणी देणे हे आईबापांचे पहिले कर्तव्य आहे, आणि ज्याने ते केले त्याला बोल लावण्याइतके आम्ही कठोर नाही. परंतु त्यानंतर काय घडते ते पाहावे. जे घर जारवर गेले त्याची नळाकडची नजर हळूहळू निघून जाते. नळाचे पाणी भांड्यांना, कपड्यांना चालते. ते गढूळ आले तरी तक्रार करण्याइतकी निकड राहत नाही. गावातील शिक्षक, दुकानदार, डॉक्टर, नोकरदार, म्हणजे ज्यांचा शब्द नगरपरिषदेत ऐकला जातो अशी माणसे, एकेक करून नळावरून उठून गेली की नळापाशी उरतात ती ज्यांचे कुणी ऐकत नाही अशी. शिवाय आर.ओ. यंत्र एक लिटर गोडे पाणी देताना बहुधा त्याहून अधिक पाणी टाकून देते, आणि क्षार नाहीसे होत नाहीत. ते त्या टाकलेल्या पाण्यातून गटारात व तेथून पुन्हा त्याच खाऱ्या भूमीत जातात. आम्हांस म्हणावयाचे आहे ते एवढेच: जार घेणाऱ्याने तहान भागविली, पण गावाच्या पाण्यातला आपला वाटा उचलला असे मात्र नव्हे. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीविषयी प्रश्न विचारण्याचा भार त्याच्यावर अधिक आहे, कारण त्याच्यापाशी वेळ आहे, अक्षर आहे आणि आवाज आहे.

हा आवाज नसला म्हणजे काय होते, ते जुलै 2022 मध्ये मेळघाटात दिसले. चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचे पाणी पिऊन कॉलऱ्याची साथ पसरली; अनेक लोक आजारी पडले, काही दगावले. नळयोजनेचे वीजबिल थकल्याने तिची वीज तोडली गेली होती आणि म्हणून लोक विहिरीकडे वळले, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून आले. बिल थकणे हा दोष खरा. पण थकलेल्या रकमेची वसुली तहानेतून करावी काय? दिवे बंद झाले तर मनुष्य अंधारात बसतो. पाणी बंद झाले तर तो बसून राहत नाही, मिळेल ते पितो. या दोन गोष्टींतला भेद ज्याला हिशेबात मांडता आला नाही, त्याचा हिशेब आमच्या मते चुकलेला होता, मग खातेवहीत तो कितीही बरोबर असो.

असे केवळ आपल्याच देशात घडते असेही नाही. अमेरिकेतील फ्लिंट या शहराने खर्च वाचविण्यासाठी एप्रिल 2014 मध्ये नदीचे पाणी घ्यावयास सुरुवात केली. जुन्या नळ्यांतील शिसे त्या पाण्यात उतरू लागले. लोक बाटल्यांतून मळकट पाणी घेऊन सभांना येत, आणि पाणी सुरक्षित आहे असे त्यांना सांगण्यात येई. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथील मोटारींच्या कारखान्याने मात्र ते पाणी नाकारले, कारण त्याने यंत्राचे भाग गंजत होते. लोकांची सुटका व्हावयास आणखी एक वर्ष लागले. लोखंडाची तक्रार आधी ऐकली गेली, मुलांची नंतर.

‘लाउदातो सी’ या 2015 च्या विश्वपत्रात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी सुरक्षित पाणी मिळणे हा मूलभूत हक्क मानला, आणि ज्यांना ते मिळत नाही त्या गरिबांचे जगावर मोठे सामाजिक ऋण आहे असे म्हटले. ‘ऋण’ हा शब्द आम्हांस महत्त्वाचा वाटतो. दया केली तर उपकार होतो, न केली तर कुणी जाब विचारीत नाही. ऋण मात्र फेडावेच लागते. योगायोगाने याच पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे, आणि तेथे गाडगेबाबांनी यात्रेकरूंसाठी घाट बांधविला. बाबा अंजनगाव तालुक्यातील शेंडगावचे. खारपाणपट्ट्याच्या माणसांत वाढलेले. गावात पाऊल टाकताच ते आधी खराटा हाती घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत, हा क्रम वऱ्हाडात अजून आठवला जातो.

ऋण कुणी कुणाचे फेडावे, हा वाद मात्र वानच्या पाण्यावरून खरोखरच उभा राहिला. बाळापूर व अकोला तालुक्यांतील 69 खाऱ्या गावांसाठी वान धरणातून योजना ठरली, तेव्हा तेल्हाऱ्याकडील शेतकऱ्यांनी विरोध केला. योजनेला स्थगिती मिळाली. एप्रिल 2023 मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख गावकऱ्यांसह खारे पाणी बरोबर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले. नागपूरजवळ पोलिसांनी त्यांना रोखले. वर्तमानपत्रांनी यात पक्षांची झुंज पाहिली. आम्हांस त्यात दोन गरिबांची गाठ दिसली. एकाला पिण्यास पाणी नाही, दुसऱ्याचे शेत कालव्यावर जगते, आणि तेही धरण त्याच्याच शिवाराच्या डोक्यावर आहे.

राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम आहे, आणि नीतिदृष्ट्याही तो तसाच असावा याविषयी आमच्या मनात किंतु नाही. कपाशीला एक पाळी चुकली तर नुकसान होते, पण ते मोजता येते आणि भरूनही देता येते. परंतु तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याला स्वार्थी म्हणणारे त्याचे म्हणणे ऐकून घेत नाहीत. त्याचे भय घागरीचे नाही. आज खेड्यांसाठी, उद्या शहरासाठी, परवा कारखान्यासाठी असे आरक्षण वाढत जाईल आणि कालवा कोरडा राहील, हे त्याचे भय आहे, आणि ते निराधार आहे असे म्हणता येणार नाही. म्हणून पाणी मागणाऱ्या गावांनी आणि शासनाने त्याला आधी तीन गोष्टी लेखी द्याव्यात असे आम्हांस वाटते: किती पाणी घेणार, त्यापलीकडे घेणार नाही, आणि कालव्याची गळती थांबवून वाचेल ते पाणी त्याच्याच शेताला मिळेल. बाळापूरच्या गावांनीही आपल्या नळ्या गळू देऊ नयेत, मोटरी काढून टाकाव्यात. ज्याच्या शिवारातून पाणी आले त्याने कधी बाळापूरला येऊन पाहिले, तर आपण दिलेले पाणी तोटी नसलेल्या नळातून रस्त्यावर वाहताना त्याच्या दृष्टीस पडू नये.