चढ आणि घाम

मनुष्याने किती वेगाने आणि कोणाच्या बळावर प्रवास करावा, हा प्रश्न वरवर पाहणारास यंत्रशास्त्राचा, अथवा फार तर सोयीचा वाटेल. परंतु किंचित खोल पाहिले असता त्यात नीतीचाही एक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस दिसून येते. वर्धा जिल्ह्यातील एका लहानशा चढावर हा प्रश्न आमच्यापुढे अगदी उघड स्वरूपात उभा राहिला. तेव्हा तेथूनच आरंभ करणे बरे.

धाम नदीच्या काठी वसलेले पवनार हे गाव वर्ध्याहून सायकलीने अर्ध्यापाऊण तासाच्या वाटेवर आहे. तेथून सेलूवरून हिंगणीस आणि पुढे बोर धरणाकडे जाणारा रस्ता सायकलीच्या शोकिनांस फार प्रिय. या प्रदेशाची जमीन सपाट वाटते, पण ती तशी नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्ह्याचे थरांवर थर वाहिले आणि थिजले. त्यांचा काळा पाषाण झिजून येथली कापसाची काळी माती झाली, आणि जो झिजला नाही त्याच्या टेकड्या राहिल्या. अशा थरांच्या खडकास पाश्चात्त्य भूशास्त्रज्ञांनी 'ट्रॅप' हे नाव दिले, ते 'पायरी' या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरून. सायकलीवर बसणारास या नावाची यथार्थता पटवून द्यावी लागत नाही. ती त्याच्या मांड्यांस आपोआप कळते. उत्तरेकडे आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत सातपुड्याचे फाटे येऊन मिळतात, तेथे तर एक पायरी चढावी तो दुसरी पुढे उभी असते.

अशाच एका चढावर हिवाळ्यातील एका सकाळी आम्ही काही स्नेही धापा टाकीत होतो. एक वयस्क गृहस्थ दुधाचे दोन कॅन अडकवलेली जुनी सायकल हाताने ढकलीत येत होते. आम्ही थांबलो, तेही थांबले. आमच्या हलक्या सायकली त्यांनी न्याहाळल्या आणि विचारले, "काय घेऊन चाललात जी?" आम्ही म्हणालो, "काही नाही, सहज." त्यावर ते किंचित हसले व म्हणाले, "मंग एवढा घाम काहून गाळता?" या प्रश्नात उपहास नव्हता, निव्वळ कुतूहल होते. म्हणूनच त्याचे उत्तर देणे आम्हांस जड गेले, आणि अद्यापही जड जाते.

हा प्रश्न पवनारच्या परिसरात विचारला जावा यात एक विलक्षण औचित्य आहे. ज्याने अन्न खावे त्याने ते आपल्या अंगमेहनतीने मिळवावे, हा सिद्धान्त बोन्दारेव्ह नामक एका रशियन शेतकऱ्याने मांडला, टॉल्स्टॉयने उचलून धरला आणि गांधीजींनी त्यास आश्रमाच्या व्रतांत स्थान दिले. विनोबा भावे 1938 साली पवनारास आले. धाम नदी ओलांडून पलीकडे जावे लागते म्हणून त्या जागेस त्यांनी 'परंधाम' म्हटले. तेथेच 1950 साली त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला: पैशाचा व्यवहार टाळावा, बैलांवाचून केवळ मनुष्याच्या हातांनी जमीन कसावी आणि त्यावर जगावे. या कसोटीस आमचा घाम लावला तर तो सरळसरळ वायाच गेला म्हणावा लागेल. साठ-सत्तर किलोमीटर पाय हलवून आम्ही एक दाणाही पिकविला नाही, की कोणाचे ओझे हलके केले नाही. उलट, न्याहारीचा एक वाटा अधिकच खाल्ला!

यावर पहिले उत्तर असे देता येईल की, खेळास समर्थनाची गरज नसते. मूल अंगणात धावते, त्यास कोणी हिशेब मागत नाही. हे खरे आहे आणि आम्हांस मान्य आहे. ज्या समाजात प्रत्येक श्वासाचा जमाखर्च ठेवावा लागतो, तो समाज नीतिमान असेल, सुखी असणार नाही. परंतु मूल खेळते ते आपल्या अंगणात. आम्ही खेळतो ते दुसऱ्याच्या कामाच्या जागी. खेड्यातला रस्ता हा केवळ जाण्यायेण्याचा मार्ग नसतो. त्याच्या कडेला सोयाबीन वाळत असते, त्याच्यावरून पऱ्हाटीचे भारे घरी येतात, संध्याकाळी गुरे परततात, आणि दुधाचे कॅन याच रस्त्याने बाजारी जातात. अशा ठिकाणी निव्वळ क्रीडेचे समर्थन अपुरे पडते.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे. ते असे की, श्रमाचे फळ नेहमी अपेक्षिलेलेच असते असे नाही. परंधामच्या शेतात खोदकाम चालले असता जमिनीतून प्राचीन मूर्ती निघाल्या. त्यांतील रामभरत-भेटीचे शिल्प आजही तेथे पाहावयास मिळते. खोदणारांचे लक्ष पिकाकडे होते, लाभ झाला तो शिल्पाचा. खुद्द विनोबांचे उदाहरण घ्या. 12 सप्टेंबर 1951 रोजी ते पवनारहून दिल्लीकडे पायी निघाले आणि 1964 च्या एप्रिलात परतले. या साडेबारा वर्षांच्या चालण्याने एक कणही पिकला नाही. आगगाडीने गेले असते तर श्रम आणि वेळ दोन्ही वाचले असते. पण आगगाडीने जाणारास भूदान मागता आले असते काय? जमीन मागावयाची ती जमिनीवरून चालत जाऊनच. म्हणजे त्या श्रमाचे मोल उत्पन्नात नव्हते, तर तो श्रम त्यांना ज्यांच्या दारापर्यंत घेऊन गेला त्यांच्यात होते.

येथे वेगाचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. गांधीजींनी 1909 साली 'हिंद स्वराज्या'त आगगाडीवर कठोर टीका केली, ती अनेकांस अतिरेकी वाटली. आम्हांसही काही अंशी वाटते. तथापि हाच विचार पुढे एका पाश्चात्त्य विद्वानाने अधिक संयमाने मांडला. इव्हान इलिच यांनी 1974 च्या सुमारास असे प्रतिपादन केले की, वाहनाचा वेग ताशी पंचवीस किलोमीटरांच्या आसपासची मर्यादा ओलांडू लागला की समाजातील विषमता वाढते. काहींचा वेळ वाचविण्यासाठी इतर अनेकांचा वेळ आणि जागा खर्ची पडते. सायकलचे त्यांनी मोठे कौतुक केले, कारण सायकलस्वार पायी चालणाराच्या तिप्पट-चौपट वेगाने जातो, आणि तितक्याच अंतरास त्याला शक्ती मात्र कितीतरी कमी लागते. हेच इलिच 1978 च्या जानेवारीत सेवाग्रामला आले होते आणि गांधीजींच्या कुटीत बसून तिच्या साधेपणाचा त्यांनी विचार केला होता.

त्यांचे म्हणणे पडताळून पाहण्यास आज वर्धा जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. 701 किलोमीटरांचा हा मार्ग याच जिल्ह्यातून जातो. त्यावर मोटारीस ताशी 120 किलोमीटर वेगाची मुभा आहे, आणि दुचाकीस प्रवेश नाही. त्यापासून अनेकांची सोय झाली, हे आम्ही नाकारीत नाही; रुग्णास वा व्यापारी मालास वेळेचे मोल असतेच. परंतु ज्याच्या रानातून हा मार्ग गेला, त्याच्या सायकलीस त्यावर पाय ठेवता येत नाही, हेही तितकेच खरे. त्या मार्गावरून जाणारास दुधाचे कॅन घेऊन चाललेला मनुष्य भेटणे शक्यच नाही. आणि जो भेटतच नाही, तो प्रश्न तरी कसा विचारणार?

तेव्हा आमच्या घामाचे समर्थन सापडले, असे म्हणावयाचे काय? जुन्या रस्त्यावर आम्ही आणि दूधवाले एकाच चढास बांधलेले आहोत, म्हणून समान आहोत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो खरा. पण तो खोटा आहे. आमच्या सायकलीस चढावर पाय हलके करणारी दंतचक्रे आहेत, त्यांच्या सायकलीस नाहीत. त्याहून मोठा भेद असा की, आम्ही दमलो तर परत फिरू शकतो. त्यांना फिरता येत नाही, कारण दूध नासते. आमचा चढ इच्छेचा आहे, त्यांचा गरजेचा. घाम दोघांचा खारटच, पण त्यामागचे स्वातंत्र्य एक नाही. स्वेच्छेने पत्करलेल्या कष्टांस लादलेल्या कष्टांच्या पंक्तीस बसविणे हा दरिद्री माणसाचा नकळत केलेला अपमान होय. हा आक्षेप स्वेच्छेने दारिद्र्य स्वीकारणाऱ्या थोरांवरही घेतला गेला आहे, आणि तो सर्वस्वी निराधार नाही.

मात्र या आक्षेपाने स्वेच्छेचे कष्ट निरर्थक ठरत नाहीत. त्यांचा अधिकार तेवढा मर्यादित होतो. ते पुण्य म्हणून मिरविता येत नाहीत, पण शिक्षण म्हणून घेता येतात. चढ म्हणजे काय हे ज्याच्या पायांस ठाऊक आहे, त्याला दुधाचे भाव ठरविताना, वा जुन्या रस्त्याची डागडुजी करावी की न करावी याचा निर्णय घेताना, कॅन ढकलणारा मनुष्य आठवण्याचा संभव तरी असतो. संभव, इतकेच आम्ही म्हणतो, खात्री नव्हे. सबंध प्रवासात नजर केवळ मनगटावरच्या घड्याळावर आणि सरासरी वेगावर ठेवणारा सायकलस्वारही मोटारीत बसलेल्या इतकाच एकटा राहू शकतो. सायकल आपणांस माणसांच्या वेगावर आणून सोडते. पुढे थांबावे की नाही, हे सायकल ठरवीत नाही.

म्हणून आमचे मत असे बनले आहे की, आपल्या बळावर हिंडणारास हिंडण्याचा आनंद निःशंकपणे घ्यावा, परंतु त्याबरोबर तीन गोष्टी आपल्यावर देणे म्हणून मानाव्या. ज्याच्या वाटेने जातो, त्याच्या कामास वाट द्यावी. त्याने काही विचारले तर थांबावे. आणि संथ चालणारांचे जुने रस्ते वेगवान रस्त्यांच्या नादात उपेक्षित राहू लागले, तर आपल्या खेळासाठी नव्हे, तर त्याच्या कामासाठी त्याविरुद्ध बोलावे.

त्या सकाळी आम्ही काही समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. आमच्यातील एकाने चढाच्या माथ्यापर्यंत त्यांच्या सायकलीस हात लावला. वर पोहोचल्यावर ते सायकलीवर बसले आणि म्हणाले, "आता तुमचा घाम कामी आला जी!" मग उताराने सेलूच्या दिशेने निघून गेले. आम्ही मात्र बोरच्या वाटेने पुढे गेलो, तेही रिकाम्या हातांनीच.