खुशालीचे पत्र

"इकडे सर्व खुशाल आहे." परमुलखात गेलेल्या शिपायाचे पत्र बहुधा या वाक्याने सुरू होत असे, आणि घरून त्याला जाणारे पत्रही. पुष्कळदा ते दोन्हीकडे खरे नसे. मग हे खोटे बोलणे झाले काय? आपल्या शब्बाथशाळेत एखाद्या मुलाचे वडील पलटणीत असतात. नववी आज्ञा म्हणून झाल्यावर त्याने हा प्रश्न विचारला तर शिक्षकाने काय उत्तर द्यावे?

१९१४ च्या सप्टेंबर अखेरीस हिंदी पलटणी फ्रान्समध्ये उतरल्या. थंडी, चिखल, खंदकातले पहारे. पुष्कळांना लिहिता येत नसे, म्हणून सोबत्याकडून पत्र लिहून घ्यावयाचे. ते पलटणीतला अधिकारी पाही. पुढे पत्रे तपासणारी सरकारी कचेरी होतीच. गावीही वाचून दाखविणारा बहुधा दुसराच. इतक्या कानांवरून जाणाऱ्या पत्रात माणूस बायकोला मनातले काय सांगणार? तरी लोक वाट काढीत. काळी मिरी संपत आली, आता तांबडी मिरची वापरतात, असे एखादा लिही. हिंदी शिपाई फार पडले, आता गोरे लढतात, हा त्याचा अर्थ. तपासनिसांनाही तो कळत असे! खरे सांगण्याची माणसाची भूक अशी असते.

त्याहून वाईट म्हणजे पत्रच न येणे. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) कूत येथे १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ वेढा चालला. धान्य संपत आले, घोडे मारून खाण्याची पाळी आली, आणि अखेर शरणागती व कैद. इकडे घरी कित्येक महिने शुकशुकाट. "मी आजारी आहे" एवढी एक ओळ आली असती, तरी त्या माऊलीने ती उशाशी ठेवली असती.

आता हातात मोबाईल आहे. संयुक्त राष्ट्रांच्या कामावर भारतीय पलटणी दक्षिण सूदानमध्ये गेल्या. तेथील घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. तेथे सायंकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा बेळगावात रात्रीचे नऊ. जेवणे उरकून घर फोनभोवती जमते. चेहरा दिसतो, म्हणून प्रश्न सुटला असे मात्र नाही. तो हसून बोलतो, तापाचे सांगत नाही. इकडे आजोबांना दवाखान्यात ठेवलेले असते, आणि "झोपलेत" असे सांगितले जाते. तिकडे बसून तो काय करणार, उगाच जिवाला घोर कशाला!

यात प्रेम आहे, हे कोण नाकारील? पहाऱ्यावर उभ्या माणसाचे चित्त ठिकाणावर हवे, म्हणून बातमी दोन दिवस थांबवून धरली तर मी त्याला पाप म्हणणार नाही. पण दोन दिवसांचे दोन महिने होतात, तेव्हा आपण त्याच्या वतीने ठरवून टाकलेले असते की त्याला हे सोसवणार नाही. तो अधिकार आपल्याला कोणी दिला? बापाच्या दुखण्यात मुलाचाही वाटा आहे. सुटीवर आल्यावर शेजाऱ्याच्या तोंडून कळले, तर दुखण्यापेक्षा ते लपविल्याचेच त्याला अधिक लागते. आणि पुढच्या वेळी "सर्व ठीक" म्हटले की त्याचा विश्वास बसत नाही.

पौल बंदिवासात असताना फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताला त्याच्याकडे धाडले होते. पौल त्याला आपला सहसैनिकच म्हणतो. तेथे तो मरणास टेकला, आणि आपल्या दुखण्याची बातमी घरी पोहोचली याचाच त्या भल्या माणसाला घोर लागला. किती ओळखीचे वाटते! पौलाने मात्र ते दुखणे किती जड होते हे झाकले नाही. त्याने ते पत्रात स्पष्ट लिहिले, आणि एपफ्रदीतालाच घरी पाठविले.