ते २ पौंड कोणाचे?


लेकाकडे इंग्लंडला गेलं की गावोगावची चॅरिटी शॉप हुडकायचा आपल्याला नादच लागतो. लोकांनी दान दिलेल्या वस्तू तिथे विकतात, पैसा गरजूंकडे जातो. ऑक्सफॅमचंच बघा, १९४२ साली युद्धात उपाशी पडलेल्या ग्रीसच्या लोकांसाठी ही संस्था ऑक्सफर्डला निघाली.

एका लहान गावातल्या अशा दुकानात १२ पौंडांचा लोकरी कोट आम्ही १० ला मागितला. राजवाड्यावरची इंदुरी सवय! गल्ल्यावरच्या आजी बिनपगारी, आपल्यासारख्याच सेवेकरी. संकोचून दिला त्यांनी. घरी येईस्तोवर आमची फुशारकी. मग वाटलं, व्यापाऱ्याशी घासाघीस केली तर त्याचा नफा घटतो. हे २ पौंड कोणाच्या ताटातले? एकीचं म्हणणं, कोट पडून राहण्यापेक्षा १० तरी मिळाले. खरंही असेल. पण भंडाऱ्याच्या पावतीला आपण कधी भाव करतो का?

दुसऱ्या दिवशी जाऊन २ पौंड त्यांच्या डब्यात टाकले.