देव उंचावर की घरी?

सुनीता विल्यम्स २००६ साली अवकाशस्थानकावर गेल्या, तेव्हा त्यांनी गीता आणि गणपतीची मूर्ती संगे नेली. लोक म्हणतात, बाई देवाच्या किती जवळ गेली! स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर. आमच्या वरूडहून पंढरी त्याहून लांब. मग उंचीने देव जवळ कसा यावा? वर दिवसाकाठी १६ वेळा सूर्य उगवतो. एकादशी कोणत्या उदयाची धरावी? तिथी खालच्यांनाच विचारावी लागेल!

२०२४ च्या जूनमध्ये आठेक दिवसांसाठी गेलेल्या याच बाई २८६ दिवस वर राहिल्या. त्यांच्या धैर्याचे कौतुक जगाने केले. पण घरच्यांनी ते नऊ महिने कसे काढले, हे कोण पुसतो?

आपल्याकडे तरी काय निराळं? आषाढात पेरणी, संत्र्याची बाग, गोठ्यात गुरं. एक भाऊ दिंडीत चालतो, दुसरा म्हातारी माय सांभाळतो. अन् पाया पडतात ते आलेल्याच्याच. वारी दोघांचीही घडते, असे आम्ही मानतो. मात्र जाणाऱ्याने राहणाऱ्याचे ऋण मानले तर. पुंडलिकाने देवाला विटेवर थांबविले, ते आईबापांची सेवा हातची सोडवेना म्हणून. पुढल्या साली धाकटा निघतो म्हणाला, तर थोरला बागेपाशी राहील काय?