कादंबरीला फलश्रुती नसते

मराठवाड्यात पोथी लावायची रीत जुनी. श्रावणात देवळात किंवा एखाद्या वाड्याच्या ढाळजेत संध्याकाळी माणसं जमत. श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ नाहीतर ‘हरिविजय’ उघडला जाई. एक जण ओवी वाची, दुसरा अर्थ सांगे. सांगणारा कौरव-पांडवांच्या भांडणात गावातल्या भावकीचा तंटा हळूच गुंफून देई. ऐकणारे मान डोलावत आणि मध्येच शंकाही काढत. एकट्यानं मुकाट वाचणं ही आपल्याकडं उशिरा आलेली सवय. त्यामुळं आज चार वाचक कादंबरीवर बोलायला जमतात, समोरासमोर किंवा मोबाइलवर, तेव्हा साधन तेवढं नवं असतं.

पण एक फरक आहे. पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. ऐकणाऱ्याला काय लाभ होणार, हे ग्रंथच सांगून मोकळा होतो. कादंबरी असं काही कबूल करत नाही. तरी चौघं जमलो की आपण आधी तिला फलश्रुती चिकटवतो. ‘यातून खूप शिकायला मिळालं’, ‘प्रत्येकानं वाचावी अशी’, ‘अंतर्मुख करणारी’. या वाक्यांपुढं कुणालाच काही बोलता येत नाही. ‘आम्ही काही समीक्षक नाही’ असं म्हणून हे नम्रतेच्या खाती जमा होतं. खरं तर यात नम्रता कमी आणि टाळाटाळ जास्त. काय वाटलं हे नेमकं सांगायचं तर स्वतःला थोडं उघडं करावं लागतं.

कादंबरीवर नेमकं बोलावं कसं, हा प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीसारख्या गावात ठेवून पाहावा. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून माणसं झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्यांवर कोसळली, हजारो माणसं गेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. नव्या गावात रुंद, सरळ रस्ते आले, घरं एकमेकांपासून लांब गेली. ढाळज, बोळ, पार यांच्या दाटीत आपोआप होणारं बसणं-बोलणं आता ठरवून करावं लागणार होतं.

अशा गावात विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ वाचली गेली, असं समजा. धरणग्रस्तांच्या या कादंबरीला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणजे ती भूकंपाच्या आधीची. किल्लारीतला वाचक पहिल्यांदा म्हणेल, ‘हे आमचंच आहे.’ हा प्रतिसाद खरा आहे, पण तिथंच थांबला तर तीही फलश्रुतीच. त्याच बैठकीत कुणी म्हणालं, ‘पण आपली शेतं राहिली की,’ तर कादंबरी उघडायला लागते. धरणानं उठवलेल्यांचं शिवारच पाण्याखाली जातं. भूकंपात शिवार जागेवर राहिलं, गाव तेवढं सरकलं आणि शेताची वाट लांबली. धरणग्रस्ताला भांडायला समोर कचेरी तरी असते. भूकंपग्रस्तानं भांडायचं कुणाशी? ज्या जमिनीनं घर पाडलं, तीच पुढं पेरायची होती. ‘आमच्याकडं असं नव्हतं’ या वाक्यानं पुस्तकही स्पष्ट दिसतं आणि स्वतःचं जगणंही.

उलट बाजूनंही चूक होते. पुण्या-मुंबईचा वाचक अशा वेळी आदरानं गप्प बसतो: ‘तुम्ही भोगलंय, तुम्हीच बोला.’ यात समोरच्याला वाचक न मानता साक्षीदार केलं जातं. किल्लारीच्या माणसानं जन्मभर भूकंपावरच का बोलावं? त्याला प्रेमकथा आवडू शकते, रहस्यकथाही आवडू शकते. आणि ‘झाडाझडती’तलं एखादं प्रकरण त्याला लांबलेलंही वाटू शकतं.

अशी भूकंपाशी संबंध नसलेली कादंबरी म्हणून लातूर जिल्ह्यातल्याच काटगावचे रा. रं. बोराडे यांची १९७१ ची ‘पाचोळा’ घ्या. एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत सांगितलेली. शहरातला वाचक या बोलीला अडखळतो. किल्लारीत कुणी ती मोठ्यानं वाचली तर शेजारची बाई बोलत असल्यासारखी वाटेल. पोथी वाचणारा बहुधा पुरुष असे आणि बाया ऐकायला बसत. इथं सांगणारीच बाई आहे. तिचा नवरा मानी की हट्टी, एवढं विचारलं तरी बैठकीत दोन तट पडतील, आणि ते घरातल्या घरातही पडतील. लेखकानं निकाल दिलेला नाही, तो आपणही घाईनं देऊ नये.

म्हणून कादंबरीवर बोलायला बसताना ‘कशी वाटली?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. ‘कुठं थांबलात?’ असं विचारावं. कोणत्या पानावर पुस्तक मिटून ठेवलं, कोणत्या माणसाचा राग आला, काय पटलं नाही. याचं उत्तर दुसऱ्याचं ऐकून देता येत नाही. पोथीच्या बैठकीतून कादंबरीच्या बैठकीत आणण्यासारखी गोष्ट एकच आहे: अर्थ सांगणाऱ्याला मध्येच थांबवून मागच्या रांगेतून कुणी तरी काढलेली शंका.