वाट पाहणारी मंडळी

आमच्या मंडळीची सूचनांची वही अठरा वर्षं माझ्याकडे होती. दानार्पण झालं की मी उठून वाचायची. बुधवारची घरगुती प्रार्थना कोणाकडे, शब्बाथशाळेची परीक्षा कधी, अमक्यातमक्यांच्या लग्नाला कोणाची हरकत असल्यास पाळकसाहेबांना कळवावं. लग्नाची सूचना तीन रविवार वाचायची आमच्याकडे रीत आहे. समोरची माणसं त्या मुलामुलीला आजोबांपासून ओळखत, म्हणून त्या वाचण्याला अर्थ होता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, चर्चला कुलूप लागलं आणि वही कपाटात गेली. पाळकसाहेबांचा फोन आला, "बाई, आता सूचना तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर टाका." पुढच्याच रविवारी ते घरातल्या खिडकीपाशी उभे राहून बोलले, त्यांच्या सुनेनं फोन धरला आणि मी तो उपदेश फेसबुकवर चढवला. नगर जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा मंडळीचा आवाज त्या दिवशी मस्कतला पोचला. तिथे परिचारिका असलेल्या आमच्या एका लेकीनं रात्रपाळी संपवून तो ऐकला आणि मला लिहिलं, "बाई, मागे पाळकसाहेबांच्या अंगणातला कोंबडा ओरडला आणि मला रडू आलं."

हे मी विसरत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात एका लेकाला आईच्या दफनाला येता आलं नाही. कबरस्तानात आम्ही पाचच माणसं होतो आणि त्यातल्या एकानं फोन उंच धरला होता. मूठमाती देताना त्या लेकाचा हुंदका फोनमधून ऐकू आला. त्या फोनला मी कधीही कमी लेखणार नाही.

आणि आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांना नव्या साधनाची भीती वाटायचं कारणही नाही. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक नगरातच सुरू झालं. छापखाना तेव्हा इथल्या लोकांना आजच्या मोबाइलपेक्षा जास्त नवखा होता. ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांनी त्याच ज्ञानोदयात लिहिलं, शिवाय हातात चिपळ्या घेऊन कीर्तनही केलं. जे साधन लोकांच्या कानापर्यंत जाईल ते त्यांनी आपलंसं केलं. आज मंडळीची वेबसाइट असावी, तिच्यावर उपासनेची वेळ, पाळकांचा नंबर, कबरस्तानाचा रस्ता नीट लिहिलेला असावा, यात वाद घालण्यासारखं काही नाही. नव्यानं गावात बदलून आलेला माणूस आता चर्चचा पत्ता फोनवरच शोधतो.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. ज्ञानोदय घरोघर गेला, पण ज्ञानोदयाचे वर्गणीदार म्हणजे मंडळी, असं कोणी म्हटलं नाही. आमच्या फेसबुक पानाला मात्र आम्ही हळूहळू मंडळी म्हणू लागलो. "आज उपासनेला चारशे जण होते," असं मी स्वतः अभिमानानं सांगितलं आहे. ते चारशे म्हणजे व्हिडिओ उघडल्याचा आकडा होता.

पौलानं रोमकरांस पत्र सांगितलं, तर्तियसानं लिहून घेतलं. ते पत्र घेऊन जाणारी बहुधा फिबी असावी, कारण त्यातच पौल तिला सांभाळून घ्यायला सांगतो. म्हणजे शब्दांच्या मागोमाग एक जितंजागतं माणूस दाराशी येत होतं. योहानाच्या दोन छोट्या पत्रांच्या शेवटी तर तो स्पष्टच सांगतो की लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते शाईनं लिहायचं नाही, समोरासमोर भेटून बोलायचं आहे. पत्र त्याला नको होतं असं नाही. पत्र लिहितानाही त्याची नजर भेटीकडे होती.

आणि करिंथची मंडळी. तिथली खाऊनपिऊन सुखी माणसं प्रभुभोजनाला आधी येऊन जेवून घेत आणि कष्टकरी मागाहून येत तोवर काही उरत नसे. पौल रागावला. त्यानं त्यांना केलेली सूचना किती साधी आहे! जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. मी ही ओळ लहानपणापासून ऐकत आले, पण तिचा अर्थ मला टाळेबंदीत कळला. व्हिडिओ थांबवता येतो, पुढे ढकलता येतो, रात्री अंथरुणात पाहता येतो. तिथे कोणाला कोणाची वाट पाहावी लागत नाही. माझ्या समजुतीनं मंडळी मोडते ती इथे.

त्या काळात काही ठिकाणी भाकरी आणि द्राक्षरस घरी मांडून, पडद्यासमोर बसून प्रभुभोजन घेतलं गेलं. आमच्या पाळकसाहेबांनी नकार दिला. मी त्यांच्याशी भांडले, "म्हातारी माणसं तशीच गेली तर?" ते म्हणाले, "मी जमेल तसा त्यांच्या दारात जाईन, बाई. पण एक भाकरी मोडायची तर ती एकच हवी." ते मास्क लावून दारोदार गेले. १६ नोव्हेंबर २०२० ला राज्यातली प्रार्थनास्थळं उघडल्यावर आम्ही लांब लांब बसून प्रभुभोजन घेतलं, तेव्हा माझा राग गेला. ते बरोबर होते.

चूक माझ्या हातून वेगळीच झाली. बुधवारच्या प्रार्थनेत एका आईनं मुलाच्या दारूविषयी सांगितलं. तो उपचारासाठी दाखल होणार होता. मी मनापासून कळवळून ती विनंती फेसबुकवर टाकली, त्याच्या फोटोसह, जास्त लोकांनी प्रार्थना करावी म्हणून. शंभरावर लोकांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. तो जिथे कामाला होता तिथेही ते पोचलं आणि त्याची नोकरी गेली. मी क्षमा मागायला गेले. त्या माउलीनं मला चहा दिला आणि एवढंच म्हणाली, "बाई, मी ते मंडळीला सांगितलं होतं."

त्या वाक्यानंतर मला या विषयावर फार पुस्तकं वाचावी लागली नाहीत. मंडळीला सांगणं म्हणजे ज्यांच्या घरचं दुःख आपल्यालाही माहीत आहे, जे उद्या आपल्या दारात येऊ शकतात, ज्यांना तोंड दाखवावं लागतं, अशांना सांगणं. आपल्या मराठी बायबलनं या शब्दाची निवड फार चांगली केली आहे. मंडळी म्हणजे इमारत नव्हे, माणसं, हे आपल्याला व्याकरणातूनच कळतं. "घरची मंडळी कशी आहेत?" असं आपण विचारतो ना, तोच हा शब्द.

आता पंचांच्या सभेत ठरवून आम्ही काही गोष्टी बदलल्या आहेत. आजाऱ्यांची नावं, घरातल्या अडचणी, लहान मुलांचे फोटो उघड्या पानावर जात नाहीत. उपदेशाचं चित्रण अजून चढवतो, मस्कतच्या लेकीसाठी आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी. पण जो अंथरुणावर आहे त्याच्याकडे त्या आठवड्यात कोणीतरी जाऊन यायचं, आणि कोण जाणार ते ग्रुपवर शनिवारी लिहायचं. सूचनांची वही मी कपाटातून पुन्हा काढली आहे.

रविवारी उपासना साडेनऊला असते. वेशीपलीकडच्या वस्तीवरून एक आजी एस.टी.नं येतात आणि गाडी कधी कधी उशिरा पोचते. त्या येऊन बाकावर बसल्याशिवाय आम्ही पहिलं गीत सुरू करत नाही.